कागदांचा कौल

"एका वेळी एक प्रश्न, गोकुळदासबाब," शंभू पुजारी म्हणाला. "आणि ता बाड खाली ठेवा आधी. देवीफुडे असे वकिलासारखे उभे रवा नकात."

गोकुळदासानं कागदांचं बाड गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवलं. ते बरं दिसेना म्हणून उचललं. धरवेना म्हणून परत ठेवलं. ऊन अजून सभामंडपात शिरलं नव्हतं, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मागे कौलासाठी माणसं खोळंबलेली. पहिला महादेव ट्रकवाला, त्याला दुसरा ट्रक घ्यावा का ते विचारायचं होतं. त्याच्यामागे मुलीच्या स्थळासाठी आलेली एक बाई, आणि तिच्यामागे चार-पाच जण, ज्यांना घरी करमत नव्हतं.

"हां. काय इचारू?"

"हो केरळातलो," गोकुळदास वरचा कागद बघत म्हणाला. "काजूच्या कारखान्यातल्या बायकांचे हात डॉक्टरांनी तपासले. पण कारखान्यात न जाणाऱ्या बायकांचे तपासले काय नाय, ता नीट कळणा नाय. तेका आत घेवचो काय भायर ठेवचो?"

"खंयच्या आत?"

"आमच्या अभ्यासात."

शंभूनं आजवर देवीला म्हशी विचारल्या होत्या, कोर्टाच्या तारखा विचारल्या होत्या, दुबईहून न परतलेले जावई विचारले होते. केरळचे डॉक्टर पहिल्यांदाच. पण विचारणं हे त्याचं काम. त्यानं ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"आये माउली, हो तुझो लेकरू गोकुळदास. पुस्तकां सांभाळता, कोणाच्या वाटेक जायना नाय. आज हेच्या मनात दोन हेत आसत. केरळाच्या कोणा डॉक्टरान बायकांचे हात बघितले. तो कागद आत घेवचो आसात तर उजवी दी, भायर घालूचो आसात तर डावी दी. आणि लेकराच्या जिवाचो घोर मोकळो कर गे आये!"

"व्हय म्हाराजा!" मागच्यांनी सवयीनं साथ दिली.

सगळे माना पुढे काढून बघत राहिले. डावी पाकळी हलली, घरंगळली, खाली आली.

"केरळ भायर," महादेवानं मागच्यांना कळवलं.

गोकुळदासानं कागदाच्या कोपऱ्यात लाल फुली मारली आणि निःश्वास सोडला. एक संपला. बाडात अजून चाळीसेक होते, आणि दुपारी डिचोलीला अभ्यास तपासणाऱ्या सरांपुढे बसायचं होतं.

हे सगळं झालं ते गोकुळदासाला 'नाही' म्हणता येत नसल्यामुळे. डिचोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात तो ग्रंथपाल होता, निवृत्तीला आलेला, आणि सगळ्या नोकरीत त्यानं कुणाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पेडण्यातलं त्याचं घर बांधताना सुतार म्हणाला, जनेल इकडे ठेवूया. गोकुळदास हय म्हणाला. ते जनेल उघडलं की आजही शेजाऱ्याची भिंत दिसते. एकदा लग्नाच्या पंगतीत यजमानानं विचारलं, भाज्यांचं खतखतं बरं झालंय ना? हा म्हणाला, फर्मास. आचाऱ्यानं विचारलं, मीठ अंमळ जास्तच पडलं ना? हा म्हणाला, हय, अंमळ. दोघे शेजारी शेजारी उभे होते.

अशा माणसाला सिद्धीनं परीक्षक केलं.

सिद्धी कॉलेजातली तरुण प्राध्यापिका, सर्वण गावची. काजूच्या कामानं हातांना काय इजा होते यावर जगभरात जेवढे अभ्यास झाले तेवढे गोळा करायचे, एकेक चाळून चांगले तेवढे ठेवायचे आणि त्या सगळ्यांचा मिळून काय निष्कर्ष निघतो ते लिहायचं, असा तिचा डॉक्टरेटचा प्रकल्प. चाळणाऱ्यांचा नियम कडक. दोन माणसांनी वेगवेगळं बसून प्रत्येक कागद बघायचा, एकमेकांना विचारायचं नाही. दोघांचं पटलं नाही तर तिसरा निवाडा करणार. तिसरे म्हणजे तिचे मार्गदर्शक, कृष्णनाथ सर. दुसरा कोण, असं सिद्धीनं स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा एकाची सासू आजारी पडली, दुसऱ्याच्या घरी गणपती अजून दोन महिन्यांवर असूनही साफसफाई निघाली. गोकुळदास तेवढा चहा पीत बसून राहिला.

संगणकावर तीन बटणं होती. हिरवं 'घ्या', लाल 'वगळा', पिवळं 'कदाचित'. गोकुळदासाला पिवळं बटण आयुष्यात भेटलेल्या सगळ्या माणसांपेक्षा जवळचं वाटलं. माकडांवरचा एक कागद आला, त्यात काजू नव्हता, हात नव्हते, माणूसही नव्हता. त्यानं कदाचित दाबलं. कोणी तरी राबून लिहिलं असेल, आपण एका बोटानं त्याला दाराबाहेर कसं काढायचं?

मग बसमध्ये तो सिद्धीच्या पोटात शिरायला बघायचा. "तो व्हिएतनामचो कागद बरो दिसलो, नाय गो बाय?"

"काका! इचारायचा नाय म्हणान सांगितलंय मूं!" ती दोन्ही कानांवर हात ठेवायची. कंडक्टरला वाटायचं, म्हातारा पोरीला काही भलतंच सांगतोय.

शेवटी ती चिडली तेव्हा त्यानं माकडं आणि तत्सम मंडळी लाल केली. चाळीसेक मात्र पिवळीच राहिली. आणि त्यांच्या तळाशी होता सरांचा कागद.

हा कागद म्हणजे सगळ्या घोराचं मूळ. सिद्धीचा लेख एकदा तयार होऊन एका मासिकाकडे गेला होता आणि परत आला होता. त्यांनी लिहिलं होतं, काजूत राबणारे आणि न राबणारे अशा दोघांचेही हात तपासलेले अभ्यासच घेऊ, हा तुमचाच निकष, आणि त्यात न बसणारा तुमच्या मार्गदर्शकांचा अभ्यास तुम्ही आत घेतलाय, तेव्हा सगळी चाळणी दुसऱ्या परीक्षकासह नव्यानं करा. पुन्हा परत आला असता तर वर्षअखेर सिद्धीची नोंदणी बाद, आणि नोंदणीवर टेकलेली नोकरीही. सरांना तिनं एवढंच सांगितलं होतं की दुसरा परीक्षक नवा हवाय. बाकीचं सांगायची तिची छाती झाली नाही. स्वतः तिनं सरांच्या कागदावर कुठलं बटण दाबलं ते तिनं गोकुळदासाला सांगितलं नाही, पण चार वर्षं सरांच्या हाताखाली काढलेल्या पोरीनं लाल दाबलं नसणार हे त्याला कळत होतं. "काका, तुमका दिसता ता करा," एवढंच म्हणाली होती, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली होती.

गोकुळदासाला दिसत काहीच नव्हतं. म्हणून तो देवीकडे आला.

एव्हाना रांगेला रंग चढला होता. तामिळनाडू आत गेलं तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली. कर्नाटकाचे दोन बाहेर पडले तेव्हा मुलीच्या स्थळासाठी आलेली बाई हळहळली. ब्राझीलची पाकळी मात्र अर्ध्यावर येऊन अडकली. उजवी पडेना, डावी पडेना. शंभूनं दोनदा गाऱ्हाणं घातलं, आवाज चढवून घातलं.

"देवी बोलना नाय," तो म्हणाला. "ब्राझील लांब आसा."

"घेवा ओ मास्तर तेका," महादेव म्हणाला. "काजू थंयसूनच इलो मूं? पुर्तुगेजांनी हाडलो. मूळचोच माणूस तो, भायर कसो ठेवतलात?"

ब्राझील महादेवाच्या शब्दावर आत गेलं. त्याच्या ट्रकचं काय ते तो स्वतःच विसरला होता.

मग शेवटचा कागद उरला. शंभूनं हात पुढे केला. "हो खंयचो?"

"पेडण्याचोच."

"आपल्या पेडण्याचो? कोणाचो?"

"कृष्णनाथ सरांचो."

शंभूचा हात पाकळ्यांच्या ताटापाशी पोचला होता, तो तिथूनच मागे आला. "आमच्या म्हाजनांचो?"

सरांचं घराणं या देवळाच्या महाजनांपैकी. देऊळ चालवणारी जी चार घरं, त्यांतलं पहिल्या मानाचं. जत्रेत पालखी निघाली की पहिला नारळ त्यांच्या हाती.

"हो प्रश्न मी घालूचंय नाय," शंभू हळू आवाजात म्हणाला. "डावी पडली म्हणजे? पालखेच्या दिसा तेंच्या तोंडार कसो बघू? नैवेद्याची वेळ झाली. पडदो ओढतंय."

"शंभू, मगे मी काय करू रे?"

"तुमी शिकलेलो माणूस. तुमका दिसता ता करा."

आणि पडदा सर्रकन ओढला गेला. मागून महादेवाचा आवाज आला, "आणि माझो ट्रक?"

म्हापशाला बस बदलून गोकुळदास डिचोलीच्या बसमध्ये बसला. त्यानं सरांचा कागद मांडीवर उघडला, पहिल्या ओळीपासून वाचला. आजवर त्यानं तो वाचलाच नव्हता. नाव बघूनच पिवळं दाबलं होतं.

सरांनी हा अभ्यास स्वतःच्या बागायतीत केला होता. काजूच्या हंगामात स्वतःच्या कामगारांना अंगणात रांगेनं उभं करून सरांनी स्वतः विचारलं होतं, हातांना काही त्रास? सगळ्यांनी सांगितलं होतं, काही नाही. निष्कर्ष असा, की काजूच्या चिकानं हातांना कसलीही इजा होत नाही.

गोकुळदासाच्या डोळ्यांपुढे ते अंगण उभं राहिलं. वर सोप्यावर आरामखुर्चीत मालक. खाली बायका, हात पदराखाली. "बरे आसात मूं गे तुमी?" "बरे आसू, बाब." दुसरं काय सांगणार? तोही त्या रांगेत असता तर त्यानं हेच सांगितलं असतं.

त्याची बायको शेवंती सावंतवाडीकडची. लग्नाआधी तिकडच्या कारखान्यात तिनं काजू सोलले होते. मागच्या महिन्यात रेशनच्या दुकानात मशीननं तिचा अंगठा घेतला नाही. दुकानदारानं फडक्यानं पुसून बघितलं, खोबरेल लावून बघितलं, दुसरं बोट, तिसरं बोट. मशीन म्हणे, ही बाई कोणी नाही. शेवंती हसली होती. "काजून माजी बोटां कधीच पुसून टाकली ओ," म्हणाली, आणि पिशवी रिकामी घेऊन घरी आली होती.

बस मुळगावच्या चढाला लागली. गोकुळदासानं कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली.

ग्रंथालयात कोणी नव्हतं. त्यानं देवीचे सगळे निकाल एकेक करून संगणकात भरले. केरळ लाल, तामिळनाडू हिरवं, ब्राझील हिरवं. सरांचा कागद आला. तीन बटणं. त्याचं बोट पिवळ्याकडे गेलं, जसं पाय आपोआप घराकडे जातात. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, ओढून लालवर नेलं आणि दाबलं. संगणक अडकला. पडदा पांढरा झाला. त्याला वाटलं, वीज गेली, यंत्र मेलं, सगळं पुसलं गेलं, आणि किती बरं झालं. पण मग पडदा परत आला, आणि सरांच्या नावासमोर लाल खूण बसलेली होती.

दुपारी सर आले. येताना पॅटीस आणले होते. ग्रंथालयातल्या लांब मेजाच्या टोकाला ते बसले, एका बाजूला सिद्धी, दुसऱ्या बाजूला गोकुळदास. सिद्धीचा चेहरा परीक्षेच्या निकालाआधी होतो तसा झाला होता. तिनं दोघांची झाकलेली उत्तरं उघडली.

"सर, ह्या राहिलेल्यांत आमचा निम्म्यांतच जुळता," ती चाचरत म्हणाली आणि गोकुळदासाकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. "केरळाचो एवढो चांगलो अभ्यास, काकांनी वगळलो."

गोकुळदासानं हातातलं पॅटीस खाली ठेवलं. पण सर खूश झाले. "अगो, जुळूक नाय ह्याच बरां! एकमेकांचा बगून केला असता तर सगळा जुळला असता. ह्या खरा स्वतंत्र परीक्षण. शाबास, गोकुळदास! तुमच्यात एवढा पाणी आसा ह्या माका ठावक नव्हता."

"हय, सर," गोकुळदास म्हणाला.

मग न जुळलेले कागद एकेक करून पुढे आले, आणि सर हवेत बोट फिरवून निवाडा करू लागले. हो घे. हो सोड. हो घे. मग बोट थांबलं. पडद्यावर सरांचं स्वतःचं नाव होतं. सिद्धीसमोर हिरवी खूण, गोकुळदासासमोर लाल.

सर पडद्याकडे वाकले.

"हो वगळलो?" सर म्हणाले. रागानं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग ते हसले. "चुकान दाबला गेला आसतला. माऊस जुनो आसा तुमचो. होय मूं, गोकुळदास?"

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसतं 'हय' म्हणायचं. आयुष्यभर म्हटलेला शब्द, जिभेच्या टोकावर बसलेला. गोकुळदासानं सिद्धीकडे बघितलं. ती मेजावरचे पॅटीसचे कण बोटानं गोळा करत होती, एकही सुटू नये अशा काळजीनं. त्यानं तोंड उघडलं, आणि ऐकलं तर आपणच बोलत होतो.

"देवीन सांगला, सर."

"कोणी?"

"देवीन. आपल्या. मी सकाळी कौल घेतलंय."

सिद्धीनं तोंडावर हात घेतला. सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"कागदांचो कौल?"

"हय. माका ठरवूक येय ना. म्हणान सगळे घेवन गेलंय."

"सगळे! अरे, ह्या संशोधन आसा काय जत्रा?" सरांचा आवाज चढला. "जगात कोणी केला नाय आसा! भायर कळला तर माका तोंड दाखवूक जागा रवाची नाय! स्वतंत्र परीक्षण म्हणतंय मी, आणि ह्यो..." ते थांबले. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं. आवाज खाली आला. "माझोय कागद घातलेलो?"

गोकुळदासाच्या कानशिलावरून घाम ओघळला. "हय."

"शंभून गाऱ्हाणा घातला? माझ्या नावान?"

"माणसां होती सर, मागे. साथ दिली सगळ्यांनी."

हे खोटं नव्हतं. साथ दिली होती, केरळला दिली होती.

"आणि... डावी?"

"डावी."

सरांनी खिशातून फोन काढला. शंभूचं नाव शोधलं. अंगठा नावावर नेला. गोकुळदासाला तो अंगठा मेजापेक्षाही मोठा दिसत होता. आता लागेल, आता शंभू झोपेतून उठून म्हणेल, कसलो कौल बाब, मी तर पडदो ओढलो. नोकरी गेली, मान गेला, पोरीचं वाटोळं झालं आणि वर देवीच्या नावावर खोटं बोललो. अंगठा तसाच होता. सर नावाकडे बघत होते. विचारलं तर विचारायचं काय? देवीनं खरंच मला बाहेर काढलं का? आणि शंभू हय म्हणाला तर?

त्यांनी फोन मेजावर पालथा ठेवला.

"एकदाच पडली?"

"एकदाच, सर."

मग सर उठले. "ते बाकीचे कागद परत बगा. नीट. माणसासारखे. आणि जुळला नाय तर निवाड्याक दुसरो कोण तरी काढा, मी नाय." दारापाशी ते वळले. "माझो तेवढो ऱ्हांव दी भायर. तेका हात लावू नकात. आणि कारण लिवताना देवीचा नाव घालू नकात हां, भायरची लोकां हासतली."

ते गेल्यावर सिद्धी म्हणाली, "काका, शंभू पुजारी सरांफुडे मान वर करूक भियेता. तेणा सरांचो प्रश्न घातलो कसो?"

गोकुळदासानं चष्मा नाकावर सारखा केला. "केरळ काढ," तो म्हणाला. "परत बगूया."

केरळचा कागद त्यानं या वेळी नीट वाचला. कारखान्यात न जाणाऱ्या बायकांचेही हात तपासले होते, सरळ तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं. त्यानं हिरवं दाबलं. देवीशी त्याचा तो पहिला मतभेद. ब्राझीलही त्याला बाहेर काढावं लागलं, महादेवाची मनातल्या मनात माफी मागून. चारेक दिवसांत सगळे कागद झाले. लेख गेला आणि या खेपेला परत आला नाही. सिद्धीची नोंदणी राहिली. लेखात सरांचं नाव पहिलं, सिद्धीचं दुसरं, आणि शेवटी आभाराच्या ओळीत 'ग्रंथालयातील सहकारी'.

पावसाळा सरता सरता एका सकाळी गोकुळदास म्हापशाच्या बसमध्ये बसला होता. पेडण्याच्या बाजारातून एक बाई सुरण भरलेली पाटी घेऊन चढली आणि त्याच्या शेजारी टेकली. कंडक्टर तिकिटं फाडत आला. त्याच्या तोंडात नवी कथा होती, आणि ती तो सीटसीटवर सांगत येत होता. सरांचा कागद बाहेर राहिला एवढंच पेडण्यात कळलं होतं, बाकीचं कौलाच्या रांगेतल्यांनी जुळवलं होतं.

"आयकलात काय? देवीन म्हाजनाचो कागद भायर उडयलो! मोठो डॉक्टर, शिकलेलो, पण खोटा लिवलेला. शंभून पाकळी लावली मात्र, हात काढीपर्यंत डावी खाली! घंटा आपसूक वाजली म्हणतत."

"आये माउली!" बाई म्हणाली. "काय लिवलेला ओ तेणा?"

"काजूवाल्यांचे हात बरे आसत म्हणान."

बाईनं चिकानं काळवंडलेले आपले हात बघितले, मग पाटीवरून ते उचलून देवळाच्या दिशेला जोडले.

"तुमी पेडण्याचेच मूं, मास्तर?" कंडक्टर गोकुळदासाला म्हणाला. "तुमका ठावक आसतला. खरा मूं ह्या?"

गोकुळदासानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं.

"हय," तो म्हणाला. आणि बाईचे हात अजून जोडलेलेच होते, म्हणून त्यानंही जोडले.